मटेरिअलाइज्ड व्ह्यू: प्लॅनरला पुरावा कसा द्यायचा

सकाळी साडेनऊला लोअर परळच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो रिपोर्टचा. औषधांच्या घाऊक वितरणाचं सॉफ्टवेअर सांभाळताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. कुठल्या वॉर्डात कुठल्या गटाची औषधं किती गेली, गेल्या महिन्याच्या तुलनेत किती, सरासरी दर काय? प्रश्न रोज तोच. आणि डेटाबेस रोज नव्याने कोट्यवधी ओळी चाळून तेच उत्तर काढतो.

यावरचा ठरलेला उपाय मटेरिअलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचं (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं) उत्तर काढून टेबलासारखं साठवून ठेवणं. पण बहुतेक ठिकाणी तो एका रिपोर्टपुरता बनवला जातो, दुसरा रिपोर्ट आला की दुसरा व्ह्यू, आणि वर्षभरात असे चाळीस व्ह्यू रात्रभर रिफ्रेश होत, म्हणजे नव्याने भरत, बसतात. माझं म्हणणं असं आहे की व्ह्यू रिपोर्टसाठी नाही, प्लॅनरसाठी बनवायचा. प्लॅनर किंवा ऑप्टिमायझर म्हणजे क्वेरी कुठल्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग. कुठला रस्ता स्वस्त हे प्लॅनर अंदाजाने ठरवतो; पण मूळ टेबलांऐवजी व्ह्यू वापरला तर उत्तर तेच येईल का, हे तो अंदाजाने ठरवू शकत नाही. तिथे त्याला पुरावा लागतो. तो पुरावा व्ह्यूच्या रचनेत आधीच असला पाहिजे.

आधी एक खुलासा: तुमचा डेटाबेस नेमकं काय करतो

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू 2013 च्या 9.3 आवृत्तीपासून आहेत. पण पोस्टग्रेसचा प्लॅनर तुमची मूळ क्वेरी आपणहून व्ह्यूकडे वळवत नाही. व्ह्यूचं नाव तुम्हालाच क्वेरीत लिहावं लागतं. ओरॅकल मात्र आठ-आय आवृत्तीपासून ‘क्वेरी रीराइट’ करतं: क्वेरी मूळ टेबलांवर लिहिलेली, आणि ऑप्टिमायझर ती गुपचूप व्ह्यूवर नेतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच कल्पनेला इंडेक्स्ड व्ह्यू म्हणतात. तिथे एंटरप्राइझ आवृत्तीत जुळणी आपोआप होते, इतरत्र ‘नोएक्स्पांड’ हिंट, म्हणजे क्वेरीतच लिहिलेली सूचना, द्यावी लागते. अपाचे कॅल्साइटवर (प्लॅनर बांधायची तयार लायब्ररी) उभ्या असलेल्या प्लॅनरांना, उदाहरणार्थ हाइव्हला, रीराइटचे नियम तयार मिळतात. मायएसक्यूएलमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू मुळात नाहीच.

पोस्टग्रेसवाल्यांनी पुढचा भाग गाळू नये. तिथे रीराइट तुम्ही हाताने करता, म्हणजे सिद्धता तपासायची जबाबदारीही तुमचीच. ओरॅकल चुकीचा व्ह्यू नाकारेल. पोस्टग्रेसमध्ये चुकीचा आकडा निमूटपणे पडद्यावर येईल.

पहिली पायरी: खरंच व्ह्यू हवा आहे का

क्वेरी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ, बफर्स’ लावून चालवा, म्हणजे डेटाबेस आपला प्लॅन आणि प्रत्यक्ष खर्च दाखवेल, आणि दोनच गोष्टी बघा. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत मोठी तफावत कुठे आहे? आणि वेळ कुठे जातो आहे?

तफावत सगळ्यात खालच्या स्कॅनपाशीच असेल तर दुखणं आकडेवारीचं आहे. औषध आणि उत्पादक हे दोन कॉलम एकमेकांशी बांधलेले असतात, पण प्लॅनर त्यांना स्वतंत्र समजून गुणाकार करतो आणि ओळी फार कमी धरतो. मग नेस्टेड लूप, म्हणजे एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा पुन्हा शोध, निवडतो आणि फसतो. यावर पोस्टग्रेस 10 पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’, म्हणजे अशा कॉलमांची एकत्र आकडेवारी, आहे; व्ह्यूपेक्षा कितीतरी स्वस्त. सॉर्टच्या ओळीत ‘एक्स्टर्नल मर्ज, डिस्क’ दिसलं तर वर्क-मेम (अशा कामासाठी दिलेली मेमरी) अपुरी आहे. हे सगळं नीट असूनही प्रत्यक्षात लाखो ओळी वाचून, जोडून, गटवून शेवटी पन्नास ओळी बाहेर येत असतील, आणि हेच दिवसात शंभरदा होत असेल, तर व्ह्यू करा.

दुसरी पायरी: दाणा किती बारीक ठेवायचा

दाणा म्हणजे व्ह्यूतली एक ओळ किती तपशिलाची. हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, म्हणून आकडे मांडून बघू. समजा रोज 2 लाख पावती-ओळी येतात. वर्षाला 7 कोटी 30 लाख. 3,000 औषधं, 60 औषध-गट, आणि पालिकेचे वॉर्ड 25 धरू.

पहिला विचार येतो ‘दिवस, दुकान, औषध’ असा व्ह्यू करण्याचा, म्हणजे काहीही विचारलं तरी उत्तर मिळेल. पण एक दुकान एक औषध दिवसातून बहुधा एकदाच मागवतं. म्हणजे 2 लाख ओळींचा सारांशही जवळपास 2 लाख ओळींचाच! जागा दुप्पट, फायदा शून्य. ‘दिवस, वॉर्ड, औषध’ केलं तर दिवसाला जास्तीत जास्त 75,000 ओळी. तिपटीहून कमी बचत. ‘दिवस, वॉर्ड, गट’ केलं तर 1,500. म्हणजे 130 पटींहून जास्त बचत, आणि अख्ख्या वर्षाचा व्ह्यू साडेपाच लाख ओळींत मावतो.

म्हणून कागदावर आधी गुणाकार करा, मग व्ह्यू लिहा. आणि प्रत्यक्ष संयोग किती आहेत ते एका महिन्याच्या डेटावर मोजून बघा. गुणाकार फक्त वरची मर्यादा सांगतो.

महिन्याच्या रिपोर्टसाठी वेगळा व्ह्यू लगेच करू नका. दिवसाच्या व्ह्यूवरून महिना काढता येतो, महिन्यावरून दिवस नाही. कुठले व्ह्यू साठवावेत या प्रश्नावर 1996 मध्ये हरिनारायण, राजारामन आणि उलमन यांनी दिलेली रीत आजही उपयोगी आहे: सगळे संभाव्य सारांश एका जाळीत मांडायचे, आणि दर वेळी ज्याने सगळ्यांत जास्त फायदा होईल तो एक उचलायचा. फायदा पुरेसा उरत नाही तिथे थांबायचं. हाताने करतानाही मी असंच करतो, आणि दोन-तीन व्ह्यूंपुढे सहसा जावं लागत नाही.

तिसरी पायरी: बेरजेचे तुकडे साठवा, तयार उत्तरं नाही

व्ह्यूत सरासरी दर ठेवू नका. दादरची सरासरी आणि माहीमची सरासरी यांची सरासरी म्हणजे दोघांची मिळून सरासरी नव्हे. त्याऐवजी रक्कम_बेरीज, नग_बेरीज आणि ओळी, म्हणजे मोजणी, असे तीन कॉलम ठेवा. सरासरी बाहेर भागाकाराने निघते, आणि कितीही वरच्या पातळीवर बरोबरच निघते.

किमान आणि कमाल वर नेता येतात. ‘वेगवेगळी दुकानं किती’ हे मात्र नेता येत नाही: सोमवारी 400 आणि मंगळवारी 380 दुकानांनी माल घेतला, तर दोन दिवसांत मिळून किती वेगळी दुकानं, हे या दोन आकड्यांतून कळणं अशक्य आहे. त्यासाठी दुकानाच्या पातळीचा निराळा व्ह्यू लागेल, किंवा अंदाजे उत्तर चालत असेल तर हायपरलॉगलॉगसारखं ‘स्केच’, म्हणजे वेगळ्या किमती अंदाजे मोजणारा छोटा सारांश, साठवावं लागेल.

इथे एक बारीक खाच आहे. मूळ क्वेरीत मोजणी असेल तर व्ह्यूवर ती ‘मोजणीची बेरीज’ होते. पण एकही ओळ जुळली नाही तर मूळ मोजणी 0 देते आणि बेरीज देते नल, म्हणजे ‘किंमतच नाही’. ग्रुप बाय (गट पाडणं) नसलेल्या क्वेरीत हा फरक थेट पडद्यावर दिसतो. हाताने लिहीत असाल तर कोअलेस लावा, म्हणजे नलच्या जागी 0 येईल. कॅल्साइटमध्ये नेमकं याचसाठी ‘रिकाम्यावर शून्य देणारी बेरीज’ असं वेगळं फंक्शन आहे.

रक्कम न्यूमेरिक प्रकारात ठेवा. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक हलतो, आणि मग व्ह्यू आणि मूळ टेबल यांचा मेळ कधीच बसत नाही.

चौथी पायरी: प्लॅनरच्या चार शंका

2001 मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या गोल्डस्टीन आणि लार्सन यांनी व्ह्यू-जुळणीच्या कसोट्या नीट मांडल्या. आपल्या उदाहरणावर त्या लावून बघू. क्वेरी अशी: ‘जी-उत्तर’ वॉर्डात जुलै महिन्यात ताप-गटातल्या औषधांची एकूण रक्कम.

पहिली शंका: व्ह्यूत हव्या त्या ओळी सगळ्या आहेत का? व्ह्यू 1 एप्रिलपासूनचा असेल तर जुलै त्यात बसतो. 15 मार्चपासूनचा प्रश्न बसत नाही. व्ह्यूत ‘रद्द पावत्या वगळून’ अशी अट असेल आणि क्वेरीत ती नसेल, तर व्ह्यू नापास. म्हणून व्ह्यूत अटी कमीत कमी घाला. रद्द पावत्या वगळण्यापेक्षा ‘रद्द’ हा एक गटाचा कॉलमच करा. ओळी फार तर दुप्पट होतील, पण दोन्ही प्रकारच्या क्वेरी चालतील.

दुसरी: जास्तीच्या ओळी गाळता येतील का? गाळण्यासाठी लागणारा कॉलम व्ह्यूच्या बाहेर दिसला पाहिजे. वॉर्डवर गट केला, पण वॉर्ड कॉलम निवडलाच नाही, तर काही उपयोग नाही. हे मी चांगल्या अनुभवी लोकांच्या व्ह्यूत पाहिलं आहे.

तिसरी: गट जाडा करता येतो का? क्वेरीचे गट व्ह्यूच्या गटांइतके किंवा त्यांहून ढोबळ असले पाहिजेत. ते वरच्या पायरीत आलं.

चौथी शंका सगळ्यांत जास्त वेळा आडवी येते: व्ह्यूत एक जास्तीचं टेबल आहे. व्ह्यू पावती-ओळींना दुकानं जोडतो, कारण वॉर्ड दुकानात आहे. पण कोणी फक्त गटवार रक्कम मागितली तर क्वेरीत दुकानाचा पत्ताच नसतो. व्ह्यू वापरला तर उत्तर तेच येईल का? एखाद्या ओळीत दुकान_क्रमांक नल असेल तर इनर जॉइनमध्ये (दोन्हीकडे जुळलेल्याच ओळी ठेवणाऱ्या जोडणीत) ती ओळ गळेल. दुकान टेबलात एकच क्रमांक दोनदा असेल तर ओळ दुप्पट होईल. दोन्ही होणार नाही हे प्लॅनरला कोण सांगणार? तीन गोष्टी: दुकान टेबलावर प्रायमरी की (क्रमांक दोनदा येणार नाही), पावती-ओळीवर फॉरेन की (तिथला क्रमांक दुकान टेबलात असणारच), आणि दुकान_क्रमांक नॉट नल (रिकामा राहणार नाही). ‘लोड हळू होतं’ म्हणून फॉरेन की काढून टाकणाऱ्यांना हे कळत नाही की त्यांनी ऑप्टिमायझरच्या हातातला पुरावाच काढून घेतला. ओरॅकलमध्ये की तपासायची नसेल तर ‘रिलाय’ म्हणून जाहीर करता येते आणि रीराइटची शिस्त ‘ट्रस्टेड’वर ठेवता येते, मूळ शिस्त ‘एन्फोर्स्ड’ असते आणि ती फक्त तपासलेलंच मानते. रीराइट झालं नाही तर ‘एक्सप्लेन-रीराइट’ कारण सांगतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते वाचा.

पाचवी पायरी: दिवस म्हणजे कुठला दिवस

परळला केईएमच्या आसपास रात्रभर उघडी असणारी मेडिकल दुकानं आहेत. रात्री दीड वाजताची पावती कुठल्या तारखेची? सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असेल आणि तुम्ही नुसतं ‘डेट-ट्रंक दिवस’ (वेळ कापून फक्त दिवस ठेवणं) केलं असेल, तर आपल्याकडे रात्री 12 ते पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक पावती आदल्या दिवशी पडते. दिवसाच्या एकूण बेरजेत हा फरक सहज जाणवत नाही, कारण रात्रीची विक्री कमी. महिनाअखेरीला मात्र हिशेब जुळत नाही.

शिवाय असं फंक्शन सेशनच्या (डेटाबेसशी झालेल्या त्या जोडणीच्या) टाइमझोनवर अवलंबून असतं. रिफ्रेश कुठल्या सेशनने चालवला त्यावर व्ह्यूतला दिवस बदलेल. म्हणून व्ह्यूत वेळ स्पष्टपणे ‘अ‍ॅट टाइम झोन, एशिया/कोलकाता’ करून घ्या आणि मग तारीख काढा. हेच सूत्र अक्षरशः तसंच क्वेरीतही वापरा. आपोआप जुळणी करणारे प्लॅनर अशा सूत्रांच्या बाबतीत बहुतेकदा रचनेची समानता बघतात. अर्थ एकच पण लिहिणं वेगळं, तर जुळणी हुकू शकते.

सहावी पायरी: शिळेपणाचा करार

ही पायरी तांत्रिक नाही. आमच्या हिशेब विभागातल्या ताईंना मी थेट विचारलं होतं, “ताई, आकडा किती जुना चालेल?” त्या म्हणाल्या, “कालचा पूर्ण पाहिजे. आजचा असला तर आत्ताचा असू दे, नाहीतर दाखवूच नका.” सगळी रचना या दोन वाक्यांतून निघाली.

पोस्टग्रेसमध्ये रिफ्रेश म्हणजे पूर्ण फेरगणना. साधा रिफ्रेश व्ह्यूवर ‘अ‍ॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह’ लॉक घेतो, म्हणजे वाचनही बंद. ‘कन्करंटली’ हा प्रकार 9.4 पासून आहे. त्यात वाचन चालू राहतं. त्यासाठी व्ह्यूवर अटीविना, नुसत्या कॉलमांवर एक युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा) लागतो. आपल्याकडे तो दिवस, वॉर्ड, गट आणि रद्द या चारांवर बसतो. किंमत अशी की तो जुनं आणि नवं यांचा फरक काढून डिलीट-इन्सर्ट करतो, म्हणून वेळ जास्त लागू शकतो आणि मेलेल्या ओळी साचतात. व्हॅक्यूमकडे, म्हणजे त्या साफ करणाऱ्या कामाकडे, लक्ष ठेवा.

लॉकची गोष्ट मला एका पावसाळी सकाळी महागात पडली. गाड्या रखडलेल्या, सगळे घरूनच लॉग-इन झालेले. मी साधा रिफ्रेश लावून ठेवला होता, आणि तो एरवी काही सेकंदांत संपायचा. त्या दिवशी कोणीतरी व्ह्यूवरून अख्ख्या वर्षाचा एक्सपोर्ट काढत होतं. रिफ्रेश त्या एक्सपोर्टची वाट बघत थांबला, आणि त्याच्या मागे आलेली प्रत्येक साधी वाचन-क्वेरी रिफ्रेशच्या मागे रांगेत उभी राहिली. रिफ्रेश सुरूसुद्धा झाला नव्हता, आणि सगळे रिपोर्ट बंद. तेव्हापासून कन्करंटली, आणि त्याच्या आधी ‘लॉक-टाइमआउट’ काही सेकंदांचा. लॉक मिळाला नाही तर रिफ्रेशने माघार घ्यावी आणि थोड्या वेळाने पुन्हा यावं.

रिफ्रेशनंतर लगेच ‘अ‍ॅनालाइझ’ चालवा. त्याने प्लॅनरची आकडेवारी ताजी होते. ऑटोव्हॅक्यूम हे काम कधीतरी आपोआप करेलच, पण मधल्या वेळात प्लॅनर जुन्या आकडेवारीवर चालतो. इथे व्ह्यूचा एक कमी बोलला जाणारा फायदाही आहे: जॉइन झालेल्या निकालावर आता खरी आकडेवारी असते. पुढे व्ह्यू आणखी एखाद्या टेबलाला जोडला तर प्लॅनरचा अंदाज तीन जॉइनच्या चुका गुणून येत नाही.

सातवी पायरी: कालपर्यंत व्ह्यू, आजचं मूळ टेबल

ताईंची दुसरी अट, ‘आजचा आत्ताचा’, यासाठी एक साधा (उत्तर न साठवणारा) व्ह्यू करा: मटेरिअलाइज्ड भाग, युनियन ऑल (दोन निकाल एकाखाली एक जोडणं), आणि मूळ टेबलातला उरलेला भाग त्याच गटात. मटेरिअलाइज्ड भागाच्या व्याख्येत ‘आजच्या आधीचे दिवस’ अशी अट ठेवा, आणि ‘आज’सुद्धा कोलकाता वेळेनेच काढा.

सांधा कुठे घालायचा ते नीट ऐका. मूळ भागात ‘दिवस = आज’ असं लिहिलं, तर रात्री 12 वाजून 1 मिनिटाने कालचा दिवस दोन्हीकडून गायब होतो: व्ह्यूत तो अजून आलेला नाही, आणि मूळ भाग आता फक्त आजचा बघतो. रिफ्रेश पहाटे तीनला असेल तर तीन तास काल नाहीच. म्हणून सांधा घड्याळावर नाही, व्ह्यूवर ठेवा: व्ह्यूत असलेल्या शेवटच्या दिवसानंतरचं सगळं मूळ टेबलातून. रिफ्रेश एखाद्या रात्री फसला तरी आकडा बरोबर राहतो, क्वेरी फक्त थोडी हळू होते.

पण याने प्लॅनरची अडचण होते. ‘दिवस मोठा आहे या सबक्वेरीच्या उत्तरापेक्षा’ असं लिहिलं की प्लॅन बनवताना किंमत माहीत नसते, आणि पोस्टग्रेस सरधोपट एक-तृतीयांश ओळी जुळतील असं धरतो. 7 कोटींच्या टेबलावर एक-तृतीयांश म्हणजे त्याला पूर्ण स्कॅनच परवडेल असं वाटतं. दोन उपाय. एक, अ‍ॅप्लिकेशनने आधी सांध्याची तारीख विचारून घ्यावी आणि ती ठोस किंमत म्हणून क्वेरीत द्यावी. दुसरा, मूळ टेबल महिन्यावर पार्टिशन करावं, म्हणजे महिन्यागणिक तुकड्यांत विभागावं. पोस्टग्रेस 11 पासून क्वेरी चालतानाही नको असलेली पार्टिशन वगळली जातात. मी पहिला वापरतो, मोठ्या टेबलावर दोन्ही. आणि मूळ भागातली अट काढलेल्या तारखेवर नाही, थेट वेळेच्या कॉलमवर लिहा, म्हणजे त्यावरचा इंडेक्स लागेल.

मागच्या तारखेने टाकलेल्या पावत्या आणि परत आलेला माल पुढच्या रिफ्रेशलाच दिसतील. हे ताईंना आधी सांगून ठेवा. दुकानाचा वॉर्ड बदलला, समजा कुर्ल्याचं दुकान चेंबूरला गेलं, तर रिफ्रेशनंतर त्याचा जुना इतिहासही चेंबूरला जाईल. ते नको असेल तर वॉर्ड पावतीवरच नोंदवावा लागेल. व्ह्यू यात मदत करू शकत नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा प्रश्न उलटा असतो. इंडेक्स्ड व्ह्यू प्रत्येक इन्सर्टबरोबर जागच्या जागी बदलतो, म्हणून शिळा होतच नाही. पण एकाच वॉर्ड-गटाच्या ओळीवर सगळ्या पावत्या लॉकसाठी थांबतात. तिथे दाणा थोडा बारीक ठेवणं फायद्याचं पडतं. ओरॅकलमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू लॉग ठेवून फक्त बदललेल्या ओळींचा जलद रिफ्रेश करता येतो.

आठवी पायरी: पडताळा

रोज एक जुना दिवस यादृच्छिक निवडा. मूळ टेबलावरून त्याचा सारांश काढा आणि व्ह्यूशी ‘एक्सेप्ट’ने (एका निकालात असून दुसऱ्यात नसलेल्या ओळी दाखवणाऱ्या क्रियेने) दोन्ही बाजूंनी ताडून बघा. एकाच बाजूने बघितलं तर व्ह्यूतली जास्तीची ओळ सुटते. दोन्ही निकाल रिकामे आले पाहिजेत. हे काम रिफ्रेश संपल्या संपल्या करा. उशिरा केलं तर मधे आलेल्या दुरुस्त्या खोटा गजर वाजवतात.

तुम्ही स्वतः प्लॅनर लिहीत असाल, कॅल्साइट घेऊन किंवा न घेता, तर हीच पडताळणी टेस्टमध्ये घाला: रीराइट चालू आणि बंद करून तीच क्वेरी, तेच उत्तर. रिकामी टेबलं, नल आणि दुहेरी ओळी मुद्दाम घाला, कारण चुका तिथेच सापडतात. व्ह्यूंची संख्या वाढली की प्रत्येक क्वेरीला प्रत्येक व्ह्यू ताडून बघणं महाग पडतं. गोल्डस्टीन-लार्सन यांनी त्यासाठी चाळणीचं झाड सुचवलं होतं: टेबलं, कॉलम, गट या सोप्या गुणांवर नालायक व्ह्यू आधीच गाळायचे आणि उरलेल्यांवरच सिद्धता चालवायची. प्लॅनिंगचा वेळ वेगळा मोजत राहा.

दर तिमाहीला ‘पीजी-स्टॅट-यूजर-टेबल्स’ ही पोस्टग्रेसची वापराची नोंद उघडून कुठला व्ह्यू किती वेळा वाचला गेला ते बघा. कन्करंटली रिफ्रेश स्वतःही व्ह्यू वाचतो, तेवढे स्कॅन वजा धरा. उरलेला आकडा शून्याजवळ असेल तर तो व्ह्यू काढा, पण ‘कॅस्केड’ (त्यावर अवलंबून असलेलंही काढून टाकणारा पर्याय) न लावता. त्यावर दुसरं काही उभं असेल तर पोस्टग्रेस नावानिशी सांगून थांबेल, आणि मग त्या वापरणाऱ्यांशी बोलून घेता येईल.